गोधडीचा छंद

भाद्रपदाचा उत्तरार्ध लागला, पावसाचा जोर ओसरला आणि घटस्थापना आठ-दहा दिवसांवर येऊन ठेपली, की देशावरच्या गावोगावी नदीच्या घाटावर एक निराळीच वर्दळ सुरू होत असे, आणि जेथे नदीला अद्याप पाणी आहे तेथे ती आजही होते. वर्षभराची अंथरुणे-पांघरुणे बोचक्यांत बांधून घाटावर आणली जातात. धोपाटण्यांचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत घुमतो. आणि भिजलेली गोधडी तर इतके पाणी पिऊन बसते, की एकटीला ती पेलत नाही, दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून तिची टोके धरतात व परस्परविरुद्ध दिशांनी तिला पीळ देतात. नवरात्रात घर निर्मळ असावे हा धर्मसंकेत त्यामागे आहेच; परंतु चार महिन्यांच्या दमट हवेने कुबट झालेले कापड आश्विनाच्या उन्हात खडखडीत वाळवून थंडीसाठी सिद्ध ठेवावे, हा व्यवहारही त्यात सामावलेला आहे. लहानपणी खडकावर पसरलेल्या त्या रंगीत चौकटींपैकी आमची कोणती हे शोधताना मला एका गोष्टीचे नवल वाटे : इतकी आपटली, तुडवली, पिळली, तरी आतला एकही पदर जागचा हलत नाही. या नवलाचे उत्तर मिळायला मला पुष्कळ वर्षे लागली, आणि ते मिळाले ते स्वतः सुई हातात घेतल्यावरच.

गोधडीला पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात वाकळ म्हणतात. उच्चारात वल्कलाची आठवण करून देणारा हा शब्द मला गोधडीपेक्षाही भारदस्त वाटतो. बाळाची ती दुपटी. रजई आणि दुलई ही मात्र निराळ्या घराण्याची पांघरुणे, कारण त्यांच्या पोटात कापूस असतो, तो पिंजण्यासाठी पिंजाऱ्याला बोलवावे लागते, आणि दोन-चार वर्षांत कापसाचे गोळे झाले की त्याला पुन्हा बोलवावे लागते. घोंगडीला धनगराची मेंढरे हवीत. गोधडीला यांपैकी काहीच लागत नाही. सुई, दोरा आणि जुनेर, एवढ्या तीन जिनसांवर ती उभी राहते. आणि या तिन्हींत खरा मोलाचा जिन्नस म्हणजे जुनेर.

जुनेर या शब्दावर येथे थोडे थांबले पाहिजे. जुने कापड म्हणजे टाकाऊ कापड, अशी समजूत शहरात रूढ झाली आहे. पण जुनेर या शब्दात टाकाऊपणाचा लवलेशही नाही, उलट एक प्रकारची मान्यता आहे. नवे सुती लुगडे दुकानातून येते तेव्हा त्याच्या सुताला खळ असते, त्याचा रंग कच्चा असण्याचा संभव असतो, आणि पहिल्या काही धुण्यांत ते किती आटेल याचा नेम नसतो. पाच-सहा वर्षांच्या वापरात खळ पार निघून जाते, जाणारा रंग जाऊन राहणारा तेवढा राहतो, आटायचे ते कापड आटून चुकते, आणि शेकडो वेळा चोळले-पिळले गेल्याने सुताचा पीळ सैल पडून तंतूंची टोके पृष्ठभागावर मोकळी होतात. हाताला जो मऊपणा लागतो तो या मोकळ्या झालेल्या तंतूंचा. म्हणूनच बाळंतविड्यातली दुपटी आजी-मावश्यांच्या जुन्या लुगड्यांची असत. नवजात कातडीला नव्या कापडाची खर सोसत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. लाकूड, लोखंड, माती, चामडे घेऊन काम करणारा कारागीर बहुधा नवा व निर्दोष माल शोधतो. गोधडी करणारीला मात्र माल आधी वापरलेला असावा लागतो. जुनेर विणून मिळत नाही. ते अंगावर वागवून, धुवून, उन्हात वाळवून, वर्षानुवर्षे निर्माण करावे लागते, आणि त्या अर्थाने गोधडीचे काम सुई ओवण्याच्या कितीतरी आधीपासून, कोणाच्या लक्षात न येता, घरात चालू असते.

हा नियम मी पहिल्याच गोधडीत मोडला. वरचा पदर उठून दिसावा म्हणून कोरी छापील खादी आणली आणि आत आईची दोन जुनी पातळे घातली. शिवून झाली तेव्हा गोधडी देखणी दिसली. पण पहिल्या धुण्यातच खादी आटली, आतली पातळे होती तेवढीच राहिली, आणि सगळा पृष्ठभाग आकसून त्याच्या चुण्या पडल्या. जे कापड आटायचे आहे त्याला आटून झालेल्या कापडाशी जखडू नये, एवढे त्या प्रसंगाने मला कायमचे शिकवले. तीच गोष्ट कृत्रिम धाग्याची. सुती तंतू हवेतली आर्द्रता आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही; त्यामुळे पॉलिएस्टरच्या साडीची गोधडी दिसायला झगझगीत असली तरी अंगावर घेतल्यावर घाम तसाच राहतो आणि झोपेत ती सारखी सरकून जाते. चमक पाहून मोह होतो, पण तो आवरावा.

जुन्या कापडाला असा मान देणे ही या भूमीची फार प्राचीन वहिवाट आहे. बौद्ध भिक्षूंची पांसुकूल चीवरे म्हणजे धुळीत वा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुवून, जोडून केलेली वस्त्रे होत. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा आहे, की मगधातील बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशाच रचनेचे चीवर करता येईल काय असे विचारले, आणि आनंदाने लहान-मोठे तुकडे शेताच्या वाफ्यांप्रमाणे मांडून ते करून दाखवले. कापून जोडलेल्या कापडाचा शत्रूलाही लोभ वाटत नाही, हे कारणही तेथे दिलेले आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रात रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा पांघरणारा योगी येतो. या परंपरेत ठिगळ हे वैराग्याचे चिन्ह ठरले. आमच्या घरांतून मात्र तेच ठिगळ संसाराच्या कामी आले, आणि माझ्या मते गृहिणीने त्याचा केलेला उपयोग यतीच्या उपयोगाहून कणभरही कमी प्रतीचा नाही.

आता हिशेब. नऊवारी लुगडे नऊ वारांचे. त्याची चौपदरी घडी घातली म्हणजे सव्वादोन वार लांबीची आणि सुमारे सव्वा वार रुंदीची, एका माणसाला पुरेल अशी चार पदरांची बैठक आपोआप तयार होते. एखादे कापड गोधडीसाठीच विणले असते तरी याहून सोयीचे झाले नसते. परंतु वापरलेले लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या घडीवर ते आधी विरते. काठ मात्र घट्ट विणीचा असल्याने अंग फाटून गेले तरी शाबूत राहतो. म्हणून कापड दोन्ही हातांत धरून ताणून पाहावे, उजेडासमोर धरून विरलेली जागा हेरावी, आणि मगच कात्री लावावी. जे धड आहे ते बाहेरच्या दोन पदरांना; जे विरले आहे पण फाटले नाही, विशेषतः जुनी धोतरे, ते आत; आणि काठ सगळ्यात शेवटी, चारी बाजूंच्या किनारीला, कारण वर्षानुवर्षे ओढाताण सोसणार ती किनारच. खणाचे, परकराचे, सदऱ्याचे तुकडे उरले असतील तर ते वर ठिगळांच्या रूपाने मांडता येतात. हा मांडणीचा भाग जमिनीवरच करावा, आणि घाईने करू नये. तुकडे मांडून एक रात्र तसेच राहू द्यावे; सकाळच्या उजेडात कोणता तुकडा डोळ्यांना खुपतो ते तत्काळ कळते. माझ्या अनुभवाने गडद रंग काठाकडे आणि फिके मध्याकडे ठेवले तर गोधडी मोठी व मोकळी वाटते. पण ही केवळ माझी आवड आहे, शिरस्ता नव्हे.

शिवण मला शिकवली ती गल्लोगल्ली हिंडून गोधड्या शिवून देणाऱ्या एका मावशींनी. त्या चार दिवस आमच्या ओटीवर कामाला बसल्या होत्या. त्यांनी पदर एकावर एक अंथरले, हाताने मधून कडेकडे निपटून सपाट केले, कडा लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घेतल्या, आणि मग त्या चक्क गोधडीवरच मांडी घालून बसल्या. मला ते विचित्र वाटले; पण त्यांच्या देहाचा भार हाच त्यांचा साचा होता, त्या भाराखाली पदर हलूच शकत नव्हते. दोरा दुहेरी, लांबीला हातभर, मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घेतलेला. मधल्या बोटात पितळी अंगुस्तान. उजवा हात सुई खाली-वर नेत चाले आणि डावा हात कापडाखाली राहून प्रत्येक वेळी सुईचे टोक बोटाला लागले की नाही ते पाही. चार-पाच टाके सुईवर गोळा झाले की एक हलका झटका, आणि दोरा सरसर आवाज करीत बाहेर येई. मी बसले तेव्हा माझा दोरा प्रत्येक टाक्याला ताणला जात होता आणि कापड गोळा होत होते. मावशींनी पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, दोरा वढू नगा. त्याला त्याच्या वाटनं जाऊ द्या."

त्या वाटेचा तपशील विलक्षण आहे. धावदोरा हा शिवणकामातला सर्वांत साधा टाका. मुलीच्या हातात सुई दिली की पहिल्यांदा तोच शिकवतात. गोधडीत तो बाहेरच्या कडेने सुरू होतो आणि कडेला समांतर एक फेरा पुरा करून, एक बोट आत सरकून, पुढचा फेरा धरतो. असे फेऱ्यामागून फेरे घालीत तो मध्यावर येऊन संपतो. वर सांगितलेल्या मापाच्या गोधडीत पाऊण इंचाचे एक बोट धरले तर असे तीस फेरे बसतात. त्यांची एकूण लांबी सुमारे 135 वार भरते, आणि इंचाला तीन टाके या प्रमाणाने साडेचौदा हजारांहून अधिक टाके पडतात. आकडा ऐकून छाती दडपते. पण मिनिटाला दहा टाके घातले तरी तो चोवीस-पंचवीस तासांचा मामला आहे, म्हणजे दुपारचा रोज एक तास दिला तर महिन्याच्या आत गोधडी हातावेगळी होते. शिवाय या रचनेत एक सौख्य आहे, ते मी दुसऱ्या कोणत्याही हस्तकलेत अनुभवले नाही. पहिला फेरा जवळजवळ सात वारांचा असतो. त्यापुढचा प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा सहा इंचांनी लहान होत जातो, आणि शेवटचा जेमतेम दोन वारांचा उरतो. अर्थात सगळ्यांत जड काम आरंभी, उत्साह ताजा असतानाच उरकते, आणि हात थकू लागतो तसतशी वाट आखूड होत जाते. हे ज्या अज्ञात बायकांनी प्रथम ठरवले त्यांनी मनुष्यस्वभावाचा विचार केला होता की काय न कळे. परंतु पंधराव्या फेऱ्यानंतर, दुपारची सावली ओटीवर येऊन पोचलेली असताना, काम आता आपल्या बाजूचे झाले आहे अशी जी भावना मनात पसरते ती मी वर्षातून एकदा तरी मुद्दाम अनुभवते.

घाटावर मला पडलेल्या कोड्याचे उत्तरही या फेऱ्यांतच आहे. गोधडीचे पदर एखाद-दुसऱ्या भक्कम शिवणीने बांधलेले नसतात. हजारो लहान टाक्यांनी ते अंगभर धरलेले असतात, त्यामुळे पिळताना पडणारा ताण कोणत्याही एका टाक्यावर न येता सगळ्यांत वाटला जातो. एखादा दोरा तुटलाच तर तेवढ्याच फेऱ्यातले काही टाके सैल पडतात, शेजारचा फेरा कापड धरून ठेवतो, आणि दुरुस्ती चार टाक्यांत होते. ऊब येते तीही याच बांधणीतून. कापड स्वतः उष्णता देत नाही. दोन पदरांच्या मध्ये कोंडलेली निश्चल हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. धावदोऱ्याच्या हलक्या ताणाने दोन ओळींमधले कापड किंचित फुगून त्याच्या बारीक लाटा होतात, आणि त्या प्रत्येक लाटेखाली हवेचा एक लहानसा कप्पा तयार होतो. ओळी फार दाट घातल्या तर हे कप्पे नाहीसे होऊन गोधडी फळीसारखी ताठ होते. फार विरळ घातल्या तर पदर आतल्या आत गोळा होतात आणि ताण थोड्या टाक्यांवर येऊन कापड तेथे फाटते. एक बोट अंतर हे या दोन टोकांमधले माप आहे. ते मोजपट्टीने मोजत नाहीत, बोट ठेवून पाहतात.

या कलेच्या बहिणी दूरवर पसरलेल्या आहेत. बंगालमधील कांथेत जुन्या साडीच्या काठातून काढलेल्या रंगीत धाग्यांनी कमळे, हत्ती, होड्या भरतात. तिच्यावर कवी जसीमुद्दीन यांनी 1929 साली ‘नक्शी कांथार माठ’ हे कथाकाव्य लिहिले. आपल्या अधिक जवळची बहीण म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बायकांची कवंदी. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे हे वंशज हल्याळ-यल्लापूरच्या रानांत राहतात, घरी कोकणी बोलतात, आणि त्यांच्या बायका आपल्याप्रमाणेच कडेकडून मध्याकडे शिवीत जातात. चारी कोपऱ्यांना तुकड्यांच्या घड्यांची ‘फुला’ लावल्यावाचून मात्र त्या कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तेथील गुलामांच्या वंशजांनी शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे फाडून शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि चारच वर्षांनी तेथील टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. त्या सन्मानाचा मला आनंद आहे. तरी गोधडीची जागा भिंतीवर नाही, अंगावर आहे, या मताला मी चिकटून आहे. धुतली न जाणारी गोधडी अर्धीच जगते.

गोधडी निकडीतून जन्मली हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या घरात विकतचे पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती तेथे ती होती, आणि तिच्या टाक्यांत पुष्कळ बायकांचे डोळे व पाठी खर्ची पडल्या आहेत. ज्यांना आज ती निकड नाही त्यांनी हौसेखातर तिला हात लावावा काय, असा प्रश्न मला एका स्नेह्याने गांभीर्याने विचारला होता. मला वाटते, अवश्य लावावा. मात्र घेतलेल्या कामाचा मान राखून लावावा. मावशींसारख्या हातांकडून शिकावे, शिकवण्याचा योग्य मोबदला द्यावा, आणि यंत्रावर टीप मारून झटपट होणाऱ्या रजईला गोधडी म्हणू नये. यंत्राची शिवण सरळ आणि घट्ट असते हे खरे, परंतु ती पदरांना आवळून धरते, वर सांगितलेल्या लाटा उठू देत नाही. आणि ज्या संथ तासासाठी हा छंद घ्यावयाचा तोच ती हिरावून घेते. त्या तासात मन रिकामे नसते आणि गुंतलेलेही नसते. हात चालू असतात, तोंड बोलायला मोकळे असते, म्हणून गोधडीभोवती बसलेल्या माणसांत ज्या गप्पा होतात त्या एरवी होत नाहीत. माझ्या सासूबाईंचे माहेरचे दिवस मला जे काही कळले ते सारे एका गोधडीच्या बाराव्या-पंधराव्या फेऱ्यादरम्यान कळले.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी मोठ्या गोधडीने करू नये. हात-दीड हात लांबीचे एक दुपटे करावे : तीन पदर, फिक्या रंगाचा दोरा, एक बोट अंतर. फाल्गुनात सुरुवात केली तर मृगाच्या आत ते सहज होते, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कापड दमट नसल्याने सुईही हलकी चालते. पहिले फेरे वाकडे गेले तर ते उसवू नयेत. धुतल्यावर ती वाकडी ओळ लाटांत मिसळून जाते.

तेव्हा पुढच्या खेपेला जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण पाटी घेऊन दाराशी येईल तेव्हा तिच्याशी हवी तेवढी घासाघीस करा आणि हवे ते पातेले घ्या. परंतु गाठोडे तिच्यापुढे सोडण्याआधी त्यातली दोन मऊ, सुती, रंग उतरून गेलेली पातळे बाजूला काढून ठेवा.